बघ्यानं कसं उभं राहावं

वसमत
दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. शीतल हिस,

बाबांचा जय भीम आणि अ. आ. वि. वि. आमी दोघं बरे आहोत. फोन सोडून पत्र काहून, म्हणशील. फोन लागला की तुझी आई स्पीकर लावती अन् शेजारची नर्मदाबाई भाकरी तव्यावर टाकून आपल्या ओट्यावर येऊन बसती. मग मी 'जेवलीस का' एवढंच बोलतो अन् फोन आईकडं देतो.

मुद्द्याचं लिहितो. परवा मोंढ्यात हळदीच्या बाजाराला आलेल्या प्रेमदासनं चार लोकांत विचारलं, पोरगी गोव्यात जुगाराच्या जहाजावर कामाला हाय म्हणतेत, खरं का? मी व्हय म्हणलो अन् पिशवी उचलून घरी आलो. तू गेल्यापासून तुझ्या कामाला मी बरं म्हणलो न्हाई अन् वाईटबी म्हणलो न्हाई. आता थकलो बाई. न बघता किती दिवस गप ऱ्हावं माणसानं? म्हणून येऊन राहिलो. डोळ्यांनी बघतो, मग सांगतो, तिथं ऱ्हायचं का घरी यायचं. आई म्हणती, तुमी सांगाल ते पोरगी ऐकते. ऐकशील ना?

इकडची काळजी करू नको. गुडघ्याला तेल चालू आहे.

तुझा बाप,
भीमराज


पणजी
दि. ११ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाबांस,

शीतलचा सप्रेम जय भीम. वि. वि. पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग प्रियंकाला दाखवलं. ती माझ्या खोलीत राहते, तिलाही तुमचं अक्षर आवडलं. ऐकेन मी. ये म्हणालात तर येईन, कुरकुर करणार नाही. खरं सांगू, उभं राहून पाय इतके भरून येतात की कधी कधी वाटतं, कोणीतरी एकदाचं सांगून टाकावं. पण पत्ते वाटायचं हे काम मला येतं, बाबा. चांगलं येतं. तेवढं बघूनच काय ते ठरवा.

आता नीट वाचा. आपल्या टेबलाजवळ घरचं माणूस येऊ द्यायचं नाही, असा इथला नियम आहे. तो मी तुमच्यासाठी मोडतेय, म्हणून तुम्ही परके. मला हाक मारायची नाही, ओळखीचं हसायचं नाही. मीही तुमच्याकडं बघणार नाही, राग मानू नका. दुपारची पाळी आहे माझी, तेव्हा गर्दी कमी असते.

खुर्ची खेळणाऱ्याची असते, गुडघा दुखला तरी तिच्यावर टेकायचं नाही. मागं उभं राहायचं, पण कोणाच्या श्वासाला श्वास लागेल इतकं जवळ नाही. टेबलाच्या हिरव्या कापडाला, चिप्सना हात लावायचा नाही. चिप्स म्हणजे पैशाऐवजी ठेवतात त्या रंगीत चकत्या. मोबाइल खिशात. डाव चालू असताना कोणाला सल्ला द्यायचा नाही, आणि हे तुम्हाला सगळ्यात जड जाणार, मला माहीत आहे! कोणी हरला तर 'अरेरे' नाही, जिंकला तर 'वा रे पठ्ठ्या' नाही. आणि एकाच माणसाच्या मागं फार वेळ थांबू नका. तो हरायला लागला की बघ्याला पनवती म्हणतो.

आईला सांगा, तिनं पाठवलेली चटणी संपली. तुमच्या मायेवरच इथं दिवस ढकलते आहे.

तुमची,
शीतल


वसमत
दि. १९ फेब्रुवारी २०२५

चि. शीतल हिस,

जय भीम आणि अ. आ. वि. वि. तुझे कायदे वाचले. अगं, एवढे नियम तर मला यष्टीत भरती होतानाबी कोणी सांगितले न्हाईत! नोकरीभर मी कंडक्टर होतो, पाश्शिंजरं भरून गाडी चालू असताना गप उभं ऱ्हायची सवय हाय मला.

आमच्या डेपोचा रिवाज मात्र उलटा होता. विश्रांतीच्या खोलीत ड्रायव्हर रमीला बसला की त्याचा कंडक्टर त्याच्या मागं बसणार. गाडीची वेळ झाली, न्हाईतर गडी चिडून खेळाया लागला, की कंडक्टरनं खांद्यावर हात ठेवायचा. हात पडला की पत्ते खाली. काहून म्हणून विचारायचं न्हाई, अन् उठवलं म्हणून रुसायचं न्हाई. आमचा वैजनाथ ड्रायव्हर कसला तापट, पण माझ्या हाताखाली एकदाबी बसून ऱ्हायला न्हाई. बघ्या म्हणजे आमच्याकडं जबाबदारीचा माणूस. तुमच्याकडं नुसताच खांब दिसतो!

असो. खांब होतो. महिनाअखेरीला निघतो. आई चटणी अन् तिळाचे लाडू देऊन राहिली.

तुझा बाप,
भीमराज


वसमत
दि. १० मार्च २०२५

चि. शीतल हिस,

जय भीम आणि अ. आ. वि. वि. सुखरूप पोचलो. आई विचारून विचारून दमली, मग नर्मदाबाई विचारून दमली.

पोरी, चूक माझी झाली. त्या दुपारी तुझ्या टेबलावर ते निळ्या शर्टाचं पोरगं हरून राहिलं होतं अन् टेबलावर मूठ आपटून राहिलं होतं. त्याच्या मागं कोणीच नव्हतं. मी लई वेळ खांबासारखा उभा ऱ्हायलो, तुझी शपथ. पण हात कवा उचलला मलाच कळलं न्हाई. त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणलो, ऊठ लेकरा, गाडीची वेळ झाली. ते ताडकन उठलं, अन् मला येड्याला वाटलं की ऐकलं! मग त्यानं जे तोंड सोडलं ते तू ऐकलंसच. पनवती म्हणलं ते जाऊ दे. पण हा म्हातारा अन् ही डीलर मिळालेले हायेत, असंबी म्हणलं. गेली पोरीची नोकरी, आपल्या हातानं घालवली, असं वाटलं.

तुझ्या साहेबानं तुला हिंदीत विचारलं, या गृहस्थाला ओळखता का. तू न्हाई म्हणून मान हलवलीस. बराबर केलंस. मीबी म्हणलो, बाईला मी जन्मात पाह्यलं न्हाई. मला धरून नेणारी माणसं चांगली होती, दंडाला धरलं पण ढकललं न्हाई. बाहेर खुर्ची दिली, पाणी दिलं, मग होडीनं काठावर सोडलं. मनाला लावून घेऊ नको.

आता ठरवलेलं सांगतो. तिथंच ऱ्हा. मी तुझं काम पाह्यलं. जिंकणाऱ्याकडं बघून तू जास्त हसली न्हाईस, हरणाऱ्याला कमी लेखलं न्हाईस. एवढा गोंधळ झाला, पण तुझा हात जराबी थरथरला न्हाई. पत्ते सगळ्यांना सारखे. आता मोंढ्यात प्रेमदासनं विचारलं तर मीच चार लोकांना मोठ्यानं सांगणार, माझी लेक पत्ते वाटती अन् इमानानं वाटती. कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

बापावर राग धरू नको.

तुझा,
भीमराज


पणजी
दि. १९ मार्च २०२५

आदरणीय बाबांस,

शीतलचा सप्रेम जय भीम. वि. वि. तुमचं पत्र सोमवारी मिळालं. कामावर निघायच्या आधी जिन्यात उभ्याउभ्या वाचलं. 'तिथंच ऱ्हा' हे शब्द ऐकायला मी किती झुरले, ते प्रियंकाला विचारा. तुम्ही गप असायचात आणि ते गप्प बसणं मला इथं रोज ऐकू यायचं. आता तुम्ही बोललात, आणि मला ते पत्र घेऊन आत जाववेना.

तरी गेले. पण टेबलावर नाही, आधी साहेबांच्या खोलीत गेले. त्यांना सांगितलं, त्या दिवशी ज्यांना बाहेर काढलं ते माझे वडील होते. मी खोटी मान हलवली. साहेब वाईट नाहीत. डोक्याला हात लावून म्हणाले, अगं, प्रकरण मिटलं होतं, आता कशाला सांगतेस? पण नियम तो नियम. नोकरी गेली, बाबा. प्रियंका मला वेडी म्हणते. असेनही.

तुम्ही लिहिलंत, माझा हात थरथरला नाही. त्याच ओळीनं माझी झोप उडवली. तुम्हाला दंडाला धरून नेत होते, तुम्ही लंगडत होतात, आणि माझ्या नोकरीला धक्का नको म्हणून एकदाही मागं वळून पाहिलं नाहीत. तेवढ्या वेळात मी पुढचा डाव वाटला. बापाला नेत होते आणि मी पत्ते वाटत होते, हात अगदी स्थिर. तुम्हाला त्या हाताचं कौतुक वाटलं. मला त्याची भीती वाटली.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी इथून घरी यायला निघते. दमले आहे, पुढचं काही विचारू नका. मोंढ्यात अजून काही बोलला नसाल तर बोलू नका, आणि बोलला असाल तर तसंच राहू द्या, ते खोटं नव्हतं.

आईला जपा, माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमचीच लेक,
शीतल