सगळ्यांत वरची बोली

ता. १८ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. ताईचं पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण फोनवर बोलताना बाबा शेजारी बसलेले असतात, आणि मेसेज केला की तू अंगठा पाठवून मोकळा होतोस. म्हटलं, कागदाला काही अंगठा पाठवता येत नाही.

बाबांचा रक्तदाब आटोक्यात आहे. जिन्यातला दिवा अजून गेलेलाच, मालक रोज उद्या म्हणतो. माझ्या ऑफिसात नवीन साहेब आलेत, ते स्वतःच्या खुर्चीवर सोडून बाकी सगळ्यांवर खूश आहेत.

आईची खोली रिकामी झाली. भाडेकरू एक तारखेला येतोय. तू सांगितलंस तसं तिचं बायंडिंगचं एकेक सामान फोटो काढून ऑनलाइन लिलावाला टाकत गेले. आधी सुया आणि दोऱ्याची रिळं गेली. मग सोनेरी अक्षरांचे ठसे, मग कागद कापायचं यंत्र, आणि शेवटी तो पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा.

त्या फुकट्यानं माझे किती हाल केले ते तुला माहीतच आहे. ठशांना सगळ्यांत वरची बोली त्याची, नावाच्या जागी नुसते आकडे. चार दिवस वाट बघितली, आठवण पाठवली, पण हा ढिम्म. शेवटी तक्रार टाकून सौदा रद्द केला आणि दुसऱ्या नंबरच्या बोलीवाल्याला ठसे दिले. कापायच्या यंत्राला पुन्हा हाच हजर! तोच खेळ, तीच तक्रार. शिकंज्याला तर त्यानं शेवटच्या मिनिटाला एकदम दुप्पट बोली लावली आणि खरे घेणारे वैतागून निघून गेले. आपण दोघं फोनवर किती हसलो होतो. फुकट्या हे नावही तूच ठेवलंस. ‘चार शब्द सुनाव त्याला, ताई,’ म्हणालास.

सुनावले. काय सुनावले ते तुला सांगितलं नाही, आता सांगते. शब्द न् शब्द पाठ आहे माझा. ‘वेळ जात नसेल तर दुसरा उद्योग शोधा. लोकांच्या घरातल्या वस्तूंशी खेळू नका. तुमच्या घरात कोणी मेलं नसेल, म्हणून सुचतंय हे.’

दहा मिनिटांत उत्तर आलं. ‘चूक झाली. पुन्हा होणार नाही.’ मला वाटलं, बरा वठणीवर आला. तिसरी तक्रार टाकली आणि शिकंजा नव्यानं लिलावाला लावला. त्या दिवशी बाबा एका पोळीवरच उठले.

पुढच्या बुधवारी मी कपड्यांना इस्त्री करत होते. बाबा तुझा तो जुना मोबाइल घेऊन आले. म्हणाले, “काय लिहिलंय बघ गं. अक्षर फार बारीक आहे.”

लिहिलं होतं की तीनदा बोली लावून पैसे न दिल्यामुळे आपलं खातं बंद करण्यात आलं आहे. त्याच्याच खाली माझा मेसेज होता.

छोट्या, दोन महिन्यांपूर्वी त्यांनी मला विचारलं होतं, “ही बोली लावतात कशी?” मी कौतुकानं सगळं शिकवलं. खातं तेवढं समोरच्या चष्म्याच्या दुकानदारानं उघडून दिलं असणार. पैसे कुठून देणार होते ते? पेन्शन जमा होते त्या खात्याचं कार्ड माझ्या कपाटात असतं. आईच्या वस्तू माझ्याकडून विकत घ्यायला त्यांना माझ्याकडेच पैसे मागावे लागले असते. त्यांना वाटलं असेल, सगळ्यांत वरची बोली आपली असली की वस्तू कुठे जात नाही. आणि विकू का म्हणून मी विचारलं होतं रे, एकेका वस्तूला विचारलं होतं. दर वेळी म्हणाले, “विका की. मला काय करायचंय त्याचं?”

“पोलीस येतील का गं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “छे हो, बाबा. जाहिरात आहे कसली तरी. पुसून टाकते.” आणि सगळं पुसलं. माझा मेसेजसुद्धा. मोबाइल परत दिला. ते “बरं” म्हणाले आणि जाऊन बसले. मी उरलेल्या कपड्यांना इस्त्री केली.

आता खरं सांगायचं ते हे. शिकंज्याचा लिलाव संपायला तेव्हा दोन दिवस होते. एक बटण दाबलं असतं तर मागे घेता आला असता. नाही घेतला. भाडेकरूला शब्द दिला होता हे तर आहेच, पण खरं कारण ते नाही. मागे घेतला असता तर का घेतला ते बोलावं लागलं असतं. आमच्या दोघांत ते कोण बोलणार?

शनिवारी एक बायंडर टेम्पो घेऊन आला. भला माणूस, बोली संपल्या संपल्या पैसे भरले होते त्यानं. शिकंजा एकट्याला उचलेना तर बाबा पुढे झाले. मी नको नको म्हणत राहिले आणि त्यांनी दुसरी बाजू धरून तो जिन्यावरून खाली नेला. टेम्पोत चढवल्यावर त्याला सांगत होते, “आट्यांना महिन्यातून एकदा तेल घाला. फार आवळू नका, डावीकडची फळी अडकते.”

बायंडरनं विचारलं, “काका, घरात कोण करायचं बायंडिंग?”

“कोणी नाही,” बाबा म्हणाले. “नुसता पडून होता.”

मी फाटकाला हात लावून उभी होते.

वर आल्यावर त्यांनी हात धुतले. रुमालाला पुसत पुसत मला म्हणाले, “पैसे दिले ना त्यानं?”

“दिले, बाबा. लगेच दिले.”

“मग त्याचाच झाला तो,” म्हणाले आणि चहा टाकायला सांगितला.

मला रडू आलं नाही. तेव्हाही नाही आणि हे लिहितानाही नाही. तुला दोष देत नाहीये. खोली रिकामी करायची हे आपण दोघांनी ठरवलं होतं, आणि मेसेज माझा होता. पण आई गेल्यापासून तू आला नाहीस. ये. भाडेकरू यायच्या आधी ये आणि बाबांजवळ दोन दिवस नुसता बस.

त्यांना यातलं काही बोलू नकोस. त्यांना सगळं माहीत आहे.

तुझी,
ताई