मीटरची टोपी

मंगळवार, ९ तारीख

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे, आईचा खोकला थांबला. तू सासुरवाडीला निवांत असशील. का नसशील? इथला निकाल तिथे बसूनच लावलास.

गच्चीवरच्या शेडमधले, आपल्या बिनमातीच्या शेतीचे सगळे पाइप मी काल रिकामे केले. बाराशे लेट्यूस. मुळं तपकिरी, बुळबुळीत, हात लावला की तुटणारी. "मावशींनी पाण्यात आम्ल जास्त ओतलं" म्हणून सहा वर्षं राबलेल्या बाईला तू पाच मिनिटांत काढलंस. तेही फोनवरून!

त्या ओतत होत्या, कारण तू सांगत होतास. मीटर पाण्याचा पीएच साडेसात दाखवायचा आणि तू म्हणायचास, "अजून घाला, सहावर आणा." त्या म्हणाल्या होत्या, "भाऊ, पाणी बोटाच्या चिरेला झोंबतंय. आधी नव्हतं झोंबत." आणि तू? "मावशी, शेती मीटरवर करू की तुमच्या बोटावर?" वर हसलास!

काल मी मीटर तपासणीच्या द्रावणात बुडवला. सात दाखवायला हवे होते, साडेआठ दाखवले. म्हणजे तुझं सहाचं पाणी साडेचारचं होतं. दर रविवारी मीटर तपासायचं काम तुझं. तुझा शेवटचा रविवार कधी उजाडला होता रे?

पुढचं तीनदा खोडून लिहितेय. मीटरचं टोक ओलं राहावं म्हणून टोपीत थोडं पाणी असतं ना, महिन्यापूर्वी ते मला घाण वाटलं. मी ओतून दिलं. टोपी साबणाने धुऊन, कोरडी करून लावली. टोक वाळलं ते तेव्हाच, आणि मीटर चुकायला लागला. तू स्पीकरवर मावशींना बोलत होतास तेव्हा फोन माझ्या हातात होता. मला टोपी आठवली. मी गप्प बसले.

आज सकाळी त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. शेडवाल्यांत त्यांचं नाव 'आम्लवाली' पडलंय, तिघांनी कामाला नकार दिला. मला त्यांनी उंबऱ्याबाहेरच ठेवलं. "ताई, काढलं भाऊंनी आणि आलात तुम्ही? त्यांना आणा, मग बोलू."

शनिवारची पहिली गाडी पकड. सामान घरी न टाकता थेट त्यांच्या दारात ये, मी तिथे असेन. मग तिन्ही शेडवाल्यांकडे जायचं आणि झालेलं आपल्या तोंडाने सांगायचं. माझी टोपीही, तुझे रविवारही. नाही आलास तर मी एकटी सांगेन, तुझं नाव घेऊन.

त्यांची अपराधी,
आणि तुझी मोठी बहीण