गुरुजींच्या हातांची थरथर

गुरुजी, तुम्ही दारू पीत नव्हतात हे मला तुमच्या मुलीला कळवायचं आहे. तुम्हाला सांगणं सोपं, तुम्ही उलट विचारणार नाही, म्हणून आधी तुम्हाला लिहितोय. मी थायरॉईडवरच्या संशोधनात जन्म काढला. त्या ग्रंथीच्या पेशीला निरोप कसा पोचतो, दारावर तो कोण घेतो, आत कुणाला सांगतो, एवढंच पाहत आलो. पेशी आपसांत काय बोलतात ते ऐकण्यात हयात गेली. माझ्याशी त्या अजून बोललेल्या नाहीत. घरीही दुसरं कुणी नाही, तेव्हा सवय आहे.

सत्तरच्या दशकातली आपली तुमसरकडची शाळा. मी तलावातून मासा आणलाय. ढिवराचं पोर, दुसरं काय आणणार? तुम्ही तो चिरून पाटीवर मांडलात आणि मी मान खाली घालून पुस्तकातली आकृती उतरवत बसलो. तुम्ही वही हिसकून खिडकीबाहेर फेकलीत. "पुस्तक काहून पाहून राहिला बे? मासा समोर हाय न! दिसते थे लिही!" मग तुम्ही खिडकीशी जाऊन बसलात, ऐन जानेवारीत घामानं निथळत. हात थरथरत होते. स्वतःचा डबाभर भात संपवून तुम्ही आमच्या डब्यांत डोकावायचात, आणि तरी तुमचा शर्ट दर महिन्याला आणखी ढगळ व्हायचा. डोळे लालसर, बाहेर आलेले, पापण्या मिटायला विसरल्यासारखे. आम्ही पोरं हसायचो. गाव हसत नव्हतं, गावानं निदान केलं होतं: मोहाची दारू. गावाला निदानासाठी रक्त तपासावं लागत नाही.

एका दुपारी सरपंच दोघा पंचांना घेऊन शाळेत आले. तुम्हाला व्हरांड्यात उभं केलं आणि साक्षीला मला बोलावलं, कारण मी हुशार.

"सांग बाबू, गुरुजीचे हात थरथरतेत का?"

"हो जी."

"डोळे?"

"लाल रायतेत जी."

"अन् घाम?"

"थंडीतबी येते जी."

"घ्या! आता दारुड्याले का शिंगं रायतेत?"

तुमची बदली नाकाडोंगरीकडे झाली. एसटीत चढताना, लहानग्या मुलीला कडेवर घेऊन, तुम्ही मला म्हणालात, "दिसलं थे सांगतलं. बरोबर केलं." शिव्या दिल्या असत्यात तर मी केव्हाच विसरलो असतो. दोनेक वर्षांत तुम्ही गेल्याचं कळलं. गाव म्हणालं, दारूनं खाल्लं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका व्याख्यानात डॉक्टरांनी पडद्यावर रोग्याचा चेहरा दाखवला. तुमचेच डोळे. माझ्या तोंडून "गुरुजी" निघालं. शेजारच्याला वाटलं, मी डॉक्टरांची खुशामत करतोय. थायरॉईडच्या या आजारात शरीरच एक खोटा निरोप्या घडवतं. कुणी पाठवलेलं नसताना तो पेशीच्या दारावरची घंटी दाबून धरतो. पेशी बिचारी आज्ञाधारक, राबत सुटते. माणूस खातो नि वाळतो, चिडतो, घामेजतो, शेवटी हृदय दमतं. त्यावर गोळ्या तेव्हाही होत्या. नागपूर काही चंद्रावर नव्हतं. पुढे मी अशा रोग्यांच्या रक्तातला तो निरोप्या पेशींवर सोडून पाहिला, पेशी कशी फसते ते लिहिलं. टाळ्या पडल्या. खोलीवर परतलो आणि हे कुणाला सांगावं ते शोधत बसलो. कुणी सापडलं नाही, तेव्हा दोन माणसांचा चहा करून दोन्ही कप मीच प्यालो.

तुमची मुलगी तुमसरला असते. पत्ता माझ्याकडे आहे. दारुड्याची पोर म्हणून ती वाढली असणार. तिला आजाराचं नाव आणि चार ओळी लिहिल्या की झालं. दरवर्षी लिहायला बसतो. पण आजार सांगितला की साक्षही सांगावी लागेल, आणि साक्ष सांगितली की उरलेलंही. आमच्या ढिवरटोलीत मोहाची भट्टी लागायची. तो वास मला डोळे बांधूनही ओळखता आला असता. तुमच्या अंगाला तो कधीच आला नाही, आणि हे मला त्या दुपारीही ठाऊक होतं. सरपंचांनी वासाचं विचारलं नाही. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. गावातल्या मोठ्या माणसानं माझ्या पाठीवर हात ठेवण्याची ती पहिलीच वेळ. तो त्यांनी काढून घेऊ नये म्हणून मी गप्प राहिलो.