टेकचे धवले

मु. गव्हाण, ता. पनवेल
भाद्रपद, सन १९५६

तीर्थरूप महादेवमामांच्या पायांवर भाचा कमळाकर याचे डोके. (दोन्ही शाबूत असतील अशी आशा.) मामीचा गुडघा पावसात कुरकुरतो की नाही ते कळवावे, आणि चांदी म्हैस व्याली असेल तर तेही. आम्ही इकडे नुसते खुशाल नाही, विजयी आहोत.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून मुंबईच्या मंडळाने मला इथल्या मारुतीच्या देवळात इंग्रजीच्या वर्गावर नेमले, हे मी विसरलेलो नाही. पावसाळ्यात मिठागरे बंद, लावणी उरकलेली. तेव्हा गोदीत नोकरी धरू पाहणारे गडी दुपारचे येऊन बसतात. दहा गोष्टी अर्ध्या शिकवण्यापेक्षा एकच क्रियापद पुरते पाजावे असे मी ठरवले, आणि निवडले 'टेक'. मामा, या साहेब लोकांच्या घेण्याला अंत नाही. औषध आपण घेतो तसे तेही घेतात, इथवर ठीक. पण ते आंघोळही घेतात. परीक्षा आपली पोरे देतात, त्यांची घेतात. आपल्या कामाला वेळ लागतो, त्यांचे काम वेळ घेते. बस म्हणायचे तर जागा घे म्हणतात, आणि अंगातला कोट उतरवायचा तरी 'टेक ऑफ', म्हणजे काढतानाही घेणे सुटत नाही. (दीडशे वर्षे इथे राहून गेले ते उगाच नाही.)

गडी माना डोलवीत, आणि देवळाची पायरी उतरेपर्यंत सगळे विसरून जात. तशात मंडळाचा निरोप आला की तपासनीस येणार, आणि गड्यांच्या तोंडून इंग्रजी निघाले नाही तर वर्ग बंद. वर्ग बंद म्हणजे गड्यांची गोदी गेली, आणि मी पुन्हा बाबांच्या सुकटीच्या दुकानात.

तेव्हा धावून आली हौसाकाकी. ही गावची धवलारीण. आपल्याकडे लग्न लावायला जिने गायलेले धवले लागतात ती, आणि तिचा मुलगा काळूराम माझ्या वर्गात. "मास्तर, पोरांना सांगलेला ऱ्हात नाय, गायलेला जात नाय," म्हणाली, आणि तिने 'टेक' लग्नाच्या चालीवर बसवला:

टेक गो टेक, औषीद टेक,
टेक गो टेक, परीक्षा टेक.

आठवडा उलटायच्या आत सगळ्यांना पाठ. अडचण एकच. धवला मधूनच उचलायचा नसतो. आधी गणपतीला बोलवायचे, मग गावदेवीला, खाडीला, शिवाराला, मेलेल्या आजा-पणज्यांना, आणि मग टेक. मी म्हटले देव गाळू. काकी म्हणाली, पाप लागंल. त्यामुळे काहीही विचारा, गडी उभा राहून डोळे मिटी आणि गणपतीपासून निघे.

साहेब आले. पन्नाशीचे, टक्कल तुळतुळीत, कपडे परीटघडीचे. खुर्चीवर बसले आणि वेळ लागतो हे इंग्रजीत कसे म्हणशील, असे नेमके काळूरामला विचारले. काळूरामने गणपती धरला. धवला म्हणणाऱ्याला एकटे सोडायचे नाही, म्हणून सगळा वर्ग मागून. आता विचार करा, भर पितृपंधरवड्यात देवळातून धवल्याचा सूर. गावात बोंब झाली की कोणीतरी चोरून लग्न लावतेय. शेजारची भामाआत्या हळदीची वाटी घेऊन बायकांच्या पुढे धावत आली. देवळात खुर्चीवर, स्वच्छ कपड्यांत बसलेला पुरुष एकच होता. "घाईचा लगीन, गावला तो नवरा," म्हणत तिने साहेबांचे दोन्ही गाल आणि टक्कल पिवळे केले.

साहेबांनी रुमाल काढला. मामा, लागलेली हळद कोणी पुसत नाही, तो केवढा अपशकुन. काळूराम आजे-पणजे तसेच टाकून पुढे झाला आणि बिनचालीचे बोलला, "डोन्ट टेक इट ऑफ, सर. टेक युवर सीट. इट टेक्स टाइम."

साहेबांचा हात तिथेच थांबला. कशाला वेळ लागतो, असे त्यांनी इंग्रजीतच विचारले. "टू ड्राय, सर," काळूराम म्हणाला.

साहेब पोट धरून हसले. म्हणाले, असे जागच्या जागी बोललेले इंग्रजी मी मुंबईतही ऐकले नाही, वर्ग आजपासून कायम. माझ्या तर डोळ्यांत पाणी आले. हळद न पुसता ते पनवेलच्या मोटारीत चढले, आणि वाटेत किती जणांनी त्यांचे अभिनंदन केले असेल ते मारुतीला ठाऊक.

आपला यशस्वी भाचा,
कमळाकर

ता. क. वर्ग कायम झाला, पण मास्तर कोण ते वर लिहायचे राहिले. चाल कोणी लावली असे साहेबांनी निघताना विचारले, आणि काळूरामने बायकांत उभ्या असलेल्या आईकडे बोट दाखवले. तेव्हा शिक्षिका हौसाबाई. मी मदतनीस, तोही बाईंची मर्जी असेतो.

दुसरा ता. क. काकी माहेरची ओवे गावची, म्हणजे तुमच्याच गावची, तुमच्या शब्दाबाहेर नाही. तेव्हा या रविवारी येऊन माझ्यासाठी पुन्हा एक शब्द टाकावा. मला ठेवायला ती तयार आहे. "रवा खुशाल," म्हणते, "पन धवल्याला मागून सूर धरनाऱ्या बायांत बसा." आज बसलो होतो. भामाआत्या म्हणाली, मास्तर बेसूर हाय, त्याला काडा.