अक्काची सही

जळगाव,
१४ सप्टेंबर २०२४

प्रिय अक्का,

नमस्कार. रूपा तुला हे वाचून दाखवेल. तिला सांग, आईला अवघड वाटेल म्हणून एकही ओळ गाळायची नाही. यावलला पाऊस कसा आहे? तू पाठवलेलं कळण्याचं पीठ पोचलं. इकडे कोर्ट, जिल्हा परिषद, बैठका, तेच. आमदारकीच्या तिकिटासाठी माझं नाव वर गेलंय.

परवा धुळ्याकडच्या एका गावात माझं नेहमीचं भाषण झालं, 'उताऱ्यावर बाईचं नाव'. मागून एक म्हातारी उठली. "ताई, तुनं नाव शे का सातबारावर?" म्हटलं, आहे.

"आन् तुनी बहीननं?"

मी पाणी प्यायले आणि पुढच्या प्रश्नासाठी दुसरीकडे हात दाखवला.

आडवळणं पुरे. आबा गेले त्या वर्षी माझी वकिलीची सनद नवीकोरी होती. आबांच्या शेतातल्या हिश्शावरचं तुझं हक्कसोडपत्र मीच लिहिलं. अमृतभाऊ म्हणाला, अक्काला माहेर हवंय, ती देईल सही. माझी सही मागायची त्याची हिंमत नव्हती. तुझी मागायची माझी झाली. तू विचारलंस, "काय लिखेल शे?" मी म्हणाले, रीत असते गं.

"तू वकील शेस, तू सांगस ते बठ्ठं खरं." आणि तू सही केलीस. भाऊने हिरवी साडी दिली, ती तू गल्लीभर दाखवलीस. दाजी गेल्यावर तू लोकांच्या केळीत निंदायला जाऊ लागलीस, तरी मी तोंड उघडलं नाही. मला लाज वाटते, अक्का.

तो कागद आता रद्द होत नाही, सगळीकडून पाहिलं. पण वाटणीत माझ्या नावे दोन एकर आले. त्यातला एक तुझ्या नावे करते. दोन्ही द्यायला मी काही संत नाही. हे उपकार समजू नकोस, हिस्सा आहे.

भाऊला काल सांगितलं. "मंग मतं मांगाले गावमा येऊ नको," म्हणाला. गाव त्याच्या शब्दाबाहेर नाही, तेव्हा तिकीट बहुधा गेलंच. वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू?

आपलं शेत जामनेर तालुक्यातलं, म्हणून बुधवारी तिथल्या नोंदणी कार्यालयात ये. रूपाला आण. ती कागद शेवटपर्यंत वाचेल, तू हवं ते विचार, पटलं तरच सही कर. तोवर मी बाहेर बाकावर बसेन.

या वेळी साडी आणत नाहीये.

तुझी धाकटी,
रत्ना