गार्डाचा डबा कोणाचा

मी पार्बताबाई, मयत पुंजाजी मोहोड यांची बायको, राहणार बडनेरा, वय साठीच्या पुढे. नक्की सांगता येत नाही. अंजनगावला छोटी गाडी पहिल्यांदा आली तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते आणि निंदण टाकून ती बघायला धावत गेले, त्यावरून ज्याने त्याने वय काढावे. माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी धाक घातलेला नाही, आणि हे मी माझ्या हाताने लिहिते आहे. बुधवारी अकोल्याच्या दवाखान्यात माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले भिण्यासारखे काही नाही, पण म्हणताना माझ्याकडे न बघता शेषरावाकडे बघितले. म्हणून आज रविवारी सकाळीच लिहायला बसले.

अक्षर वाकडे आहे, त्याला हसू नये. शाळेत मी दोनच महिने गेले. बाकीचे सगळे मी डब्यांवरून शिकले, ते पुढे येईल.

कलम पहिले. घर माझे नाही. यांनी ते हयातीतच दोन्ही मुलांच्या नावे करून दिले, शेषराव थोरला आणि सहदेव धाकटा. त्यात मला बोलायचे नाही.

कलम दुसरे. चांदीचे गोठ आणि यांनी मुंबईहून आणलेली हिरवी शाल माझी मुलगी मैना हिला द्यावी. ती अचलपूरला असते. त्यातला एक गोठ एका बाजूने चेमटला आहे, तो तिनेच लहानपणी दारात घालून चेमटवला, तेव्हा तक्रार चालणार नाही.

कलम तिसरे. शेळी शेजारच्या पंचफुलाबाईला द्यावी. माझा खलबत्ता तिने एकावन्न साली दोन दिवसांसाठी नेला, तोही तिच्याकडेच राहू द्यावा. फक्त तिला सांगावे की मी विसरलेले नाही.

कलम चौथे. आगगाडी.

हे कलम लांबणार. हे बडनेऱ्याला शंटिंग जमादार होते. म्हणजे यार्डात उभ्या असलेल्या डब्यांतून हवे ते काढायचे, एकापुढे एक लावायचे आणि गाडी तयार करून द्यायची. अठ्ठावीस वर्षे तेच काम. घरी आले की चहाच्या खोक्याच्या फळ्या कापून तेच डबे लहान करायचे. चाके दोऱ्याच्या रिळाची, जोडायचे आकडे तारेचे. असे बारा डबे झाले आणि एक इंजिन. सहा तिसऱ्या वर्गाचे, एक बायकांचा, एक टपालाचा, एक पहिल्या वर्गाचा, एक इंटरचा, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधल्या वर्गाचा, एक साहेबाचा खास डबा म्हणजे सलून आणि एक गार्डाचा. गार्डाचा एकच. त्याच्या पाठीला लाल काचमण्याचा दिवा. डब्यांवरचे आकडे आणि अक्षरे हे पेन्सिलीने काढायचे, मी वरून रंग भरायची. असे मी लिहायला शिकले.

मग हे म्हणायचे, पार्बता, आज अमरावतीची गाडी लाव. मी डबे निवडायची. एकदा हौसेने त्यात सलून लावला, तर यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारले, "लाटसाहेब चालले काय अमरावतीले भाजी आनाले?" तेव्हापासून मला कळले की दिसायला छान आहे म्हणून डबा गाडीत लागत नाही. कोण बसणार, कुठे जाणार, ते आधी बघायचे.

आणि शेवटी गार्डाचा डबा. त्याच्यामागच्या दिव्यावरून पुढच्या स्टेशनवाल्याला कळते की गाडी पूर्ण आली. दिवा दिसला नाही तर काही डबे मागे तुटून राहिले असे समजतात आणि त्या रुळावर दुसरी गाडी सोडत नाहीत.

एकोणसाठ साली हे गेले. पाचव्या दिवशी मुलांनी वाटणी केली. बारा डबे, सहा-सहा. हिशेब बरोबर. शेषरावाने इंजिन घेतले आणि पहिला वर्ग, इंटर, सलून, टपाल असे देखणे डबे, वर दोन साधे. सहदेवाने चार साधे, बायकांचा आणि गार्डाचा. त्यात सहदेव बोलून गेला की बाप तीन महिने अंथरुणावर होता तेव्हा तू अकोल्याहून दोनदाच आलास. शेषराव बोलून गेला की तू घरी राहून बापाच्या पगारावर जगलास. दोन्ही खरे होते, म्हणून जास्त लागले. तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. मी सहा महिने अकोल्याला, सहा महिने इकडे सहदेवाकडे. लोणचे इकडून तिकडे नेते, निरोप कोणी देत नाही.

अकोल्याला शेषरावाची शालू आहे, बारा वर्षांची. तिला मी गाडी लावायला शिकवले. गार्डाचा डबा नाही म्हणून आम्ही काडेपेटी लावत होतो. पोरगी इतकी हुशार, की काय सांगू. गेल्या खेपेला तिने मलाच अडवले, आजी, टपाल त्या गाडीले नसते. मी दिवसभर हसत होते.

तर मी शेषरावाला कार्ड टाकले, सहदेवाला तोंडी सांगितले. या रविवारी आपापले डबे घेऊन या. सगळे एकत्र ठेवू. बडनेऱ्याहून अमरावतीला आजकाल जाते ती गाडी जो बरोबर लावील, सगळे डबे त्याचे. जो येणार नाही त्याचे दुसऱ्याला.

इथपर्यंत सकाळी लिहिले. शेषराव नऊच्या गाडीने येतो आहे.

आता दुपार आहे. जे झाले ते लिहिते.

दोघे येऊन बसले. शेषरावाबरोबर शालू. चटईच्या या टोकाला एक, त्या टोकाला एक. मध्ये डबे. सहदेवाने पाच डबे मांडले, गार्डाचा मांडीवर ठेवला.

पहिले शेषराव. त्याने देखणे डबे पुढे लावले, मग साधे, अकराच्या अकरा. त्यात इंटरही. इंटरचा वर्ग मोडून आठ-नऊ वर्षे झाली. सहदेव बडनेऱ्याच्या पार्सल ऑफिसात आहे, गाड्या रोज बघतो. तो भिंतीकडे बघून हसला. शेषरावाचे कान लाल झाले.

मग सहदेव. त्याने भावाच्या गाडीतून तीन साधे, एक बायकांचा असे काढून लावले. बरोबर. मी म्हटले, गार्ड लाव. तो म्हणाला, "आधी सांग माय, गाडी माही. मंग लावतो." मी म्हटले, आधी लाव. त्याने लावला नाही. शेषराव मला म्हणाला की त्याला सांग, इंजिन माझे आहे.

तेव्हा शालू पुढे सरकली. कोणाला न विचारता तिने बापाची आणि काकाची, दोन्ही गाड्या मोडल्या. तीन साधे, एक बायकांचा. इंजिन लावले. बाकीचे सगळे चटईच्या कडेला नीट एका ओळीत उभे केले, म्हणाली हे यार्डात राहतील. आणि हात मांडीत घेऊन बसली. मी तिच्या फ्रॉकच्या खिशातून काडेपेटी निघेल म्हणून बघत होते. निघाली नाही.

सहदेवाने विचारले, "काऊन वं पोट्टी, सोडत काऊन नाईस गाडी?"

ती म्हणाली, "दिवा नाई काका मागं. आजोबानं सोडली असती का?"

सहदेव उठला. डबा सदऱ्याच्या खिशात घातला आणि दाराशी गेला. मला वाटले, झाले, आता गाठीसोबत हेही बुधवारी घेऊन जायचे.

शेषराव पाठीमागून म्हणाला, "सहदेव, त्या दिव्याचा मनी हाय का अजून?"

पाच वर्षांत पहिलाच शब्द. सहदेव चौकटीला हात धरून उभा राहिला. मान न वळवता म्हणाला, "निघाला होता मागच्या साली. मी बसवला." मग म्हणाला, "लाखेनं बसवला. बाबा बसवत तसाच."

"पाहू बरं," शेषराव म्हणाला.

तो परत आला. खिशातून डबा काढून भावाच्या हातात दिला. शेषरावाने तो उजेडाकडे धरून बघितला, नखाने मणी चाचपला आणि परत त्याच्याच हातात दिला. शेवटी आकडा सहदेवाने अडकवला. शालूने गाडी सोडली. ती चटईवरून पाण्याच्या मडक्यापर्यंत गेली. माझा आनंद कागदावर मावत नाही, म्हणून लिहीत नाही.

तर लिहून देते की, बारा डबे आणि इंजिन, एकही न वगळता, शालूचे. ती सासरी जाईल तेव्हा तिच्याबरोबर जातील. तिने ते वाटू नयेत, आणि गाडी लावताना सगळे डबे लावायचा हट्ट कोणी केला तर ऐकू नये.

हे वाचून दाखवल्यावर शेवटची अडचण आली. पंचफुलाबाईचे यजमान डोमाजी कोर्टात कारकून होते, त्यांना मी बोलावले होते. ते म्हणाले, साक्षीला दोन माणसे लागतात, आणि ज्याला या कागदाने काही मिळते त्याने साक्षीची सही करू नये. माझ्या बायकोला शेळी दिली, म्हणजे मीही नको.

मी म्हटले, काहीच न मिळालेले दोघे इथेच बसले आहेत.

सहदेवाने विचारले, "मले खरंच काईच नाई, माय?"

"काईच नाई."

"अन् दादाले?"

"त्याले बी नाई."

त्याने शेषरावाकडे बघितले. शेषराव म्हणाला, "दे त्याले पेन आधी. वाटनीत आधी मी घेतलं होतं."

लिहून देणार: पार्बताबाई पुंजाजी मोहोड, सही माझ्या हाताची, अंगठा नाही.

साक्षीदार, माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली:
सहदेव पुंजाजी मोहोड, बडनेरा
शेषराव पुंजाजी मोहोड, अकोला

बडनेरा, रविवार, ता. ८ मार्च १९६४