सोळास नऊचे नाना

॥ श्री ॥

ताडकळस,
पंचमीच्या अलीकडचा सोमवार

ती. सौ. सत्यशीलाअक्कास,

धाकट्या बन्सीधरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात. माझ्या गुडघ्यांचं तुला ठाऊकच आहे.) इकडे सगळे ठीक. तिकडे दाजींची साखर आणि श्रीनिधीची पुण्यातली नोकरी दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर बोलायला लागलो की माय शेजारी येऊन बसते, आणि तक्रार नेमकी तिच्याबद्दलच आहे.

तर तुझ्या भावजयीच्या, मंजुषाच्या हट्टापायी आपल्या घरी नवा टीव्ही आला. (हट्ट तिचा, असं मी लिहितोय. क्रिकेट कोण बघतं, असं ती विचारेल.) जुना डब्याएवढा टीव्ही कोनाड्यात मुकाट बसायचा. हा काही शिरेना. आडवा धरला, तिरपा धरला, शेवटी टांगायला मोकळी भिंत एकच निघाली, जिथं नानांचा फोटो होता. मी नानांना उतरवून दारावर, घड्याळाच्या शेजारी लावलं. झालं, मायने माझ्याशी बोलणं टाकलं. नाना गेल्यापासून तिचं जेवण तसंही चिमणीएवढं, त्यात आता ती ताट घेऊन चुलीकडे तोंड करून बसायला लागली. अर्धी भाकर तशीच राहायची. मंजुषाजवळ म्हणाली म्हणे, माणूस या घरात मावला, त्याचा फोटो मावंना झालाय.

तिचा राग काढायचा म्हणून मी तुझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट शोधली. ती लोखंडी पेटीत पोलक्यांच्या खाली होती. परभणीला नागनाथ फोटोवाल्याकडून ती पेन ड्राइव्हवर उतरवून आणली, मायला हाताला धरून टीव्हीसमोर बसवलं आणि लावली. अक्का, काय सांगू. सगळी वरात अंगानं भरलेली. दाजींचं घोडं म्हशीएवढं रुंद. अंतरपाटाची सतरंजी झालेली. मला तर कॉलेजात असताना वाऱ्यानं उडून जाईल म्हणून तुम्ही हसायचात, तो मी तिथं कुस्तीला निघाल्यासारखा अक्षता वाटत होतो.

यात दोष टीव्हीचा नाही, गुणोत्तराचा आहे. त्या काळचं चित्र चारास तीन असायचं, म्हणजे चार हात रुंद तर तीन हात उंच. हा टीव्ही सोळास नऊ. चित्रानं पडदा भरायचा तर उंची तेवढीच ठेवून माणूस आडवा ओढावा लागतो. उभी हयात सातवीच्या वर्गाला गुणोत्तर-प्रमाण शिकवणाऱ्या माणसाच्या घरात त्याचीच बहीण चुकीच्या प्रमाणात सासरी निघालेली मला बघवेना. रिमोट घेतला आणि बटण दाबलं. चित्र अगदी बरोबर झालं, फक्त दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. माय ताडकन उठली. "अक्कीच्या लग्नाला सुतकाची चौकट लावायलास का रे? नानांचा फोटो पेपरात आला तवा अशीच व्हती." मी म्हटलं, माय, ती रिकामी जागा आहे. पण श्रद्धांजलीच्या चौकटीतून सासरी जाणारी लेक तिला कोणत्या गणितानं पटवून देऊ? पुढचं बटण दाबलं. पट्ट्या गेल्या, पण चित्र वरून-खालून कापलं गेलं. दाजींचं बाशिंग गेलं, भटजींची मुंडी गेली, आणि नाना धोतरापासून गळ्यापर्यंतच उरले. माय तशीच आत गेली.

मंजुषा म्हणाली, जसं होतं तसं करा. मी तोंड वाकडं करून पुन्हा सगळ्यांना जाडजूड केलं. तेवढ्यात पंगत लागली आणि नाना बुंदीची परात घेऊन आले. जन्मभर आपल्या बापाच्या अंगावर तोळाभर मांस चढलं नाही. तुझ्या लग्नात शेवटची पंगत उठेपर्यंत ते जेवले नव्हते, आणि जेवायला बसले तेव्हा बुंदी संपली होती, हे माय अजून सांगते. या टीव्हीवर मात्र नानांचे गाल भरलेले, खांदे रुंद, सदरा पोटावर ताणलेला. माय दारातून बघत राहिली. मग खाली बसली आणि म्हणाली, "असंच राहू दे. पहिल्यांदाच पोटभर जेवल्यावानी दिसायलेत."

मी तिला भाकरीचा दाखला दिला. गोल भाकर दोन्हीकडून ओढली तर लांबट होते, पीठ तेवढंच राहतं. ती म्हणाली, लांबट भाकर काय पोटाला लागत न्हाई का? यावर सातवीच्या पुस्तकात उत्तर नाही. आता रोज दुपारी तेच लग्न, तीच लठ्ठ वरात. मला हे चुकीचं प्रमाण सहन होत नाही. श्रीनिधी टीव्ही-मोबाइलच्या पडद्यांचंच काम करतो, तर पंचमीला त्याला सोबत आण आणि पट्ट्याही नाहीत, मुंडीही कापत नाही असा काही उपाय त्याच्याकडून करवून घे. दाजींना नमस्कार, श्रीनिधीला आशीर्वाद.

तुझा,
बन्सीधर

ता. क. – वरची शेवटची विनंती रद्द समज. आत्ता शाळेतून आलो तर माय टीव्हीसमोर ताट घेऊन बसलेली. नाना वाढत होते, ती जेवत होती. अख्खी भाकर संपवली आणि वर मंजुषाकडे ठेचा मागितला. मी दारातच उभा राहून रडलो, अक्का. गुणोत्तर गेलं खड्ड्यात. श्रीनिधीला रिमोटला हात लावू देऊ नकोस. मी तो ज्वारीच्या कणगीत लपवला आहे.

ता. क. दुसरा – दाजींना वाचून दाखवू नकोस, पण माय म्हणते की जावई आत्ता कुठं टीव्हीतल्यासारखे झाले.

ता. क. तिसरा – खरं काम हे. दारावरचा नानांचा फोटो दवाखान्याच्या कार्डासाठी काढलेला, गालफडं बसलेली, तो आता मायला नको आहे. लग्न दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून सोबत पाठवतो. परात घेतलेले नाना श्रीनिधीकडून फोटोत काढून घे, टीव्हीवर दिसतात तसेच, आडवे ओढून. त्याला म्हणावं, मामा स्वतः सांगतोय, प्रमाण दुरुस्त करायचं नाही. चौकट काळी नको. आणि नवीनच घे, कारण माय म्हणते, जुन्या चौकटीत आता ते मावायचे न्हाईत.